घेरातला मासा

टिचकीला टिचकी हे नाव कुणी ठेवलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण नाव चुकलेलं नाही, एवढं खरं. दिसेल त्या वस्तूवर ही बाई टिचकी मारून बघते. बाजारात भोपळा, दवाखान्यात लाकडी बाक, बँकेत काउंटरची काच. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं मोरीतल्या पिंपावर टिचकी मारली आणि म्हणाली, "आई, पाणी तळाला गेलंय." सासूबाईंनी झाकण उघडून बघितलं तर खरंच गेलं होतं. सासऱ्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "हिला स्वयंपाकघरात काय ठेवताय, माझ्याकडे पाठवा दुकानात."

सासऱ्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ड्रम दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, बोळच तो. दोन माणसं समोरासमोर आली की एकानं श्वास आत घ्यायचा. पण अप्पांच्या हाताखाली टिचकी तिथं सगळं शिकली. फाटलेलं पान, म्हणजे वाजवायचा ताणलेला पडदा, काढून नवं चढवणं, ड्रमचं लाकडी अंग, ज्याला अप्पा घेर म्हणत, त्याची कड घासून सपाट करणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे जुना ड्रम हातात आला की तो कुणाचा, कधीचा, आणि मुळात एकच ड्रम आहे की चार ड्रमांचे अवयव जोडून उभा केलेला, ते ओळखणं. पुढे अप्पांना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि दुकान टिचकीकडे आलं. कामात ती पक्की. तोंडाचं विचारू नका. मनात आलेलं ओठावर यायला तिला कधी उसंत लागली नाही, आणि तेच एक दिवस तिच्या अंगाशी आलं.

गावातल्या जुन्या हॉलचे संस्थापक स्वतः हौशी वादक होते. त्यांनी आणलेला मोतिया रंगाचा ड्रम संच मागच्या खोलीत होता आणि त्या खोलीची किल्ली आयुष्यभर अप्पांकडे होती. हॉलच्या बँडमध्ये वाजवायचेही तेच. आता हॉलच्या समितीनं एक छोटं दालन करायचं ठरवलं. मधोमध काचेत तो संच, बाजूला संस्थापकांची तसबीर, आणि खाली पाटीवर ज्यांनी हॉल सांभाळला त्यांची नावं. त्यात अप्पांचं नाव पहिलं. संच नेमका कधीचा ते पाटीवर लिहायला हवं म्हणून समितीनं टिचकीला बोलावलं.

ती गेली, आणि पाय ठेवताक्षणीच पुढे सरसावली. अध्यक्षबाई, चिटणीस, आणखी दोघे-तिघे असे भोवती उभे. अशा वेळी शहाण्या माणसानं 'बघून सांगते' म्हणावं. टिचकी बास ड्रमपुढे उकिडवी बसली. पायानं वाजवायचा तो सगळ्यात मोठा ड्रम. त्याच्या पितळी बिल्ल्यावरचा, साल सांगणारा कारखान्याचा आकडा तिनं अंगठ्यानं पुसून वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा कसला संस्थापकांचा? ते गेल्यानंतरचा आहे हा!"

बोलताना तिला जरा मिरवल्यासारखंही झालं होतं. चिटणीसांनी घसा साफ केला.

"म्हणजे मूळचा गेला कुठे?" ते म्हणाले. "किल्ली तर एकाच माणसाकडे होती."

तो एक माणूस म्हणजे अप्पाच. ती उकिडवी बसलेली तशीच राहिली, उठायचंही तिला सुचेना.

"शनिवारी समितीची सभा आहे," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. "खुलासा झाला नाही तर तक्रार द्यावी लागेल आम्हाला. पाटीवरचं नावही मग..."

"मला तो उघडू द्या," टिचकी म्हणाली. "नुसत्या बिल्ल्यावरून ठरवता येत नाही. मी घाई केली."

"तुमचेच सासरे," चिटणीस म्हणाले. मग त्यांनाच वाटलं असावं की गावात दुसरं माणूस आणायचं कुठून. "उद्या उघडा. मी समोर बसेन."

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून नुकताच आला होता, हाताचं ग्रीससुद्धा धुतलं नव्हतं. "तुला गप्प बसायला काय झालं होतं गं?" एवढंच तो म्हणाला आणि मग रात्रभर बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

अप्पा खिडकीपाशी खुर्चीत होते. टिचकी त्यांच्या पायाशी बसली. "अप्पा, तुम्ही एकदा सांगा ना काय झालं ते. मी जाऊन सांगते."

"उघडून बघ," अप्पा म्हणाले. शब्द जड होते, पण स्पष्ट होते. "असेल ते सांग."

"पण असेल ते वाईट असलं तर?"

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून.

"विचारू नकोस त्यांना!" सासूबाई कडाडल्या. "घरचा दिला तो दिला त्या गाणारणीला, वर हॉलचाही दिला की काय!"

हे गाऱ्हाणं घरात इतकं जुनं होतं की त्याला आता कुणी दचकत नसे. अप्पांनी तरुणपणी हॉलच्या संचासारखाच, त्याच मोतिया रंगाचा, स्वतःचा एक संच घेतला होता. त्यातले तीन ड्रम माळ्यावर चादरीखाली होते. चौथा, म्हणजे बास ड्रम, एके दिवशी घरातून नाहीसा झाला. नेमकी त्याच सुमारास बँडमधली गाणारी बाई गाव सोडून गेली. सासूबाईंनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या आणि ती गाठ आजतागायत सुटलेली नव्हती. कुठे गेला ड्रम, असं त्यांनी विचारलं की अप्पा मूग गिळून बसायचे. न बोलणं म्हणजे कबुली, हा सासूबाईंचा कायदा. जेवताना मीठ कमी पडलं तरी त्या म्हणायच्या, "तिच्या हातचं बरं लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी टिचकीनं हॉलच्या मागच्या खोलीत चादर पसरली, खिशातला चौकोनी पाना काढला आणि बास ड्रमचे स्क्रू एकेक करून सैल करायला घेतले. चिटणीस खुर्ची ओढून समोर बसले. वाईट माणूस नव्हता तो. डबीतून आणलेल्या दोन लवंगा त्यांनी तिला देऊ केल्या. पण नजर मात्र तिच्या हातांवरून हलली नाही.

तिचा जीव एका गोष्टीवर टांगलेला होता. कारखान्यात बिल्ले पेटीत ओतलेले असत, ठोकणारा मूठ भरून घेई, आकड्यांचा क्रम कोण बघतो? मोठा आकडा आधीच्या ड्रमवर लागला असं सर्रास व्हायचं. हे तिला ठाऊक होतं, अप्पांनीच शिकवलेलं होतं, आणि तरीही काल ऐन वेळी विसरली होती. खरी तारीख घेराच्या आत असते, शाईच्या शिक्क्यात. ती जुनी निघाली की झालं. देवा, निघू दे जुनी, असं ती प्रत्येक स्क्रूला मनात म्हणत होती.

पुढचं पान निघालं. त्यावर हॉलचं नाव रंगवलेलं होतं, रंगाला बारीक तडे गेलेले. पानाभोवतीची लाकडी कडी तिनं उतरवली आणि थबकली. कडीच्या एका अंगाला पाण्याचा जुना डाग होता, लाकूड फुगून बसलेलं. पण ती कडी जिथं बसली होती तो घेर कोरडा ठणठणीत. टिचकी मारली तर एकसंध आवाज आला. पाणी लागलेला घेर असा बोलत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात आणि तो भदभद वाजतो. कडी भिजली आणि घेर भिजला नाही, असं कसं होईल?

"काय झालं?" चिटणीसांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि बॅटरी घेऊन घेरात डोकं घातलं.

शिक्का होता. लाल शाईचा, पुसट झालेला. महिना वाचता येत नव्हता, वर्ष येत होतं. संस्थापक गेल्यानंतरचं वर्ष.

शेवटचा आकडा इतका पुसट होता की ती जे म्हणेल तेच खरं ठरलं असतं. चिटणीसांचा चष्मा जवळचं वाचायचा नव्हता. एक आकडा. एक आकडा वेगळा सांगितला की घरी जाता येईल, अप्पांच्या समोर बसता येईल, नवरा बोलेल. घेरात तिला स्वतःचाच श्वास मोठा ऐकू येत होता. असेल ते सांग, अप्पा म्हणाले होते. त्यांना काय सांगायला जातंय, असा रागही आला तिला त्यांचा.

तिनं डोकं बाहेर काढलं आणि वर्ष खरं ते सांगितलं.

चिटणीसांनी मान हलवली. आनंद त्यांनाही झाला नव्हता. "बाकीचे तीन?"

तिनं बाकीचे तीनही उघडले. सगळे जुने, सगळे संस्थापकांच्या काळातले, जागच्या जागी. बदललेला होता तो एकटा बास ड्रम. म्हणजे कुणीतरी मुद्दाम, नीट विचार करून तो बदलला होता. हॉलच्या नावाचं पान आणि कड्या मूळच्याच चढवल्या होत्या, नवा असल्याचं कुणाला कळू नये म्हणून. फक्त बिल्ला बदलता आला नव्हता, कारण बिल्ला काढायला गेलं की फाटतो. ड्रमचं काम कोळून प्यायलेल्या माणसाशिवाय हे कुणाला जमलं असतं? आणि असा माणूस गावात एकच होता. टिचकीला रडू फुटायच्या बेतात होतं. ते लपवायला तिनं पुन्हा घेरात डोकं घातलं, उगाचच बॅटरी फिरवली, आणि तेव्हा तिला मासा दिसला.

शिक्क्यापासून हातभर लांब, सांध्याच्या आडोशाला, पेन्सिलीनं काढलेला छोटा मासा. एका रेघेत, शेपटीपाशी जरा वाकडा. कारखान्यात चार ड्रम एका संचाचे म्हणून एकत्र लावले की लावणारा माणूस चारही घेरांत एकसारखी खूण करून ठेवी, पुढे रंगकामात अदलाबदल होऊ नये म्हणून. कुणी फुली करी, कुणी आकडा घाली. हा कुणीतरी मासे काढणारा होता. आणि टिचकीनं हा मासा आधी पाहिलेला होता. कुठे पाहिला होता, ते आठवलं तशी तिनं घेरातच तोंडावर हात ठेवला.

"आणखी काही आहे का?" चिटणीसांचा आवाज आला.

"आहे," ती म्हणाली. "पण ते उद्या सभेत सांगेन. आधी घरी जाऊन एक बघायचंय."

"बाई, आता काही लपवाल तर..."

"लपवायचं असतं तर वर्ष खरं सांगितलं असतं का मी?"

चिटणीसांनी खुर्ची मागे सरकवून तिला वाट दिली.

घरी येऊन ती चपला न काढता शिडी लावून माळ्यावर चढली. चादर ओढली, धूळ नाकात गेली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी अप्पांनी तिच्याकडून हे तीन ड्रम साफ करून घेतले होते, तेव्हा तिनं विचारलं होतं, हा मासा कशाला, आणि अप्पांनी खुणेचं शिकवलं होतं. तिन्ही घेरांत तिनं बॅटरी टाकली. मासा, मासा, मासा. प्रत्येकाची शेपटी वाकडी.

ती खाली आली तेव्हा अप्पा तिच्याकडेच बघत होते. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात ओलं फडकं घेऊन.

"अप्पा," टिचकी म्हणाली, "हॉलमधला बास ड्रम तुमचा आहे. आपला आहे तो. चोरी कसली, तुम्ही तर घरचा नेऊन दिलात तिथं."

फडकं सासूबाईंच्या हातून खाली पडलं.

"कुठे नेऊन दिलात?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी डोळे मिटले. मग बोलायला लागले. एकेका शब्दाला त्यांना किती कष्ट पडत होते ते बघवत नव्हतं. हॉलच्या मागच्या खोलीत वरून पाण्याचा पाइप जायचा. कार्यक्रम झाला की ड्रम फळीवर ठेवायचे, जमिनीवर नाही, हा तिथला नियम. एका संध्याकाळी त्यांनी घाईत बास ड्रम जमिनीवरच आडवा ठेवला आणि निघून गेले. तेवढ्यात पाइप फुटला. सकाळी जाऊन बघतात तर ड्रम पाण्यात, घेराचे पापुद्रे सुटून फुललेले. संस्थापकांचा ड्रम! कळलं असतं तर किल्ली गेली असती आणि बँडही गेला असता. म्हणून घरचा नेला. भिजलेला घेर फोडून टाकला.

"मग मला सांगायला काय झालं होतं?" सासूबाईंचा आवाज चिरका झाला. "जन्मभर तुम्हाला बोलत राहिले मी. ऐकून घेतलंत. का?"

अप्पांनी मान खाली घातली.

"घाई कसली होती त्या संध्याकाळी?"

टिचकीला वाटलं, आपण आत निघून जावं.

"स्टेशनवर गेलो होतो," अप्पा म्हणाले. "ती जात होती म्हणून."

सासूबाईंची नजर त्यांच्यावरून हलली नाही.

"भेटली?"

"गाडी निघून गेली होती."

सासूबाई वाकल्या, फडकं उचललं आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज येईल म्हणून टिचकी वाट बघत होती, तो आला नाही. त्या दिवशी सासूबाई कुणाशी बोलल्या नाहीत, जेवल्या नाहीत. ज्या बाईचं तोंड झोपेतही बंद नसायचं ती अशी गप्प झाली तेव्हा घराची भीतीच वाटायला लागली. आपण मासा पाहिलाच नसता तर, असं टिचकीच्या मनात आलं. चोर ठरण्यातून सासऱ्यांना सोडवायला गेले आणि सासूचा संशय खरा करून बसले. अर्धा का होईना, पण खरा.

शनिवारी नवऱ्यानं कामावरची गाडी मागून आणली. तीन ड्रम मागे चढवले, अप्पांना पुढे बसवलं. निघणार तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. ठेवणीतली साडी नेसलेली, डोळे सुजलेले.

"मी येणार आहे," त्या म्हणाल्या. कुणाची 'का?' म्हणायची टाप नव्हती.

सभेत टिचकीनं चारही घेर ओळीनं मांडले. या वेळी ती घाईत बोलली नाही. आधी मासे दाखवले, मग हॉलच्या भिजलेल्या कडीचा डाग, मग कोरडा घेर. अध्यक्षबाई स्वतः वाकून बॅटरीनं बघत होत्या. चिटणीसांनी दुसऱ्याचा चष्मा मागून घेतला आणि चारही मासे बघितले. "एकाच हाताचे आहेत," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे चोरी नाहीच. उलट स्वतःचा दिलाय."

टिचकी घेर आवरायला वाकली. आणि तेव्हाच मागच्या खुर्चीवरचे एक म्हातारे सभासद, बँडमध्ये कधीकाळी ट्रम्पेट वाजवणारे, पुढे झुकले.

"एक विचारतो," ते म्हणाले. "ड्रम फळीवर ठेवायचा नियम होता, आणि अप्पा नियमाचे पक्के. त्या दिवशीच जमिनीवर कसा राहिला?" ते जरा हसले. "कुठला दिवस होता तो? कुणीतरी गाव सोडून चाललं होतं, त्याच संध्याकाळचं ना हे?"

खोलीतले दोन-तीन जुने चेहरे एकमेकांकडे वळले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. टिचकीनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला होता. असेल ते सांगणारा माणूस होता तो. तोंड उघडून सांगायला लागलाच होता.

"मी बोलावलं होतं त्यांना."

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"मला ताप भरला होता," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा, खणखणीत. "घरात दुसरं कुणी नव्हतं. मी शेजारच्यांकडून निरोप धाडला, असाल तसे या म्हणून. हातातलं टाकून धावत आले. रात्रभर उशाशी बसले. नियम बघत बसले असते तर मी आज इथं नसते. अजून काही विचारायचंय?"

ट्रम्पेटवाले मागे सरकले. कुणालाच काही विचारायचं नव्हतं. अप्पा बायकोकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला उजवा हात उठत नव्हता आणि डाव्याची त्यांना आठवण राहिली नव्हती.

"अप्पांचं नाव पाटीवर राहील," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि हा ड्रमही, तुमची हरकत नसेल तर..."

"हरकत आहे," सासूबाई म्हणाल्या. "आमचा ड्रम आम्ही घरी नेतोय. तुमच्या नावाचं पान काढून घ्या."

परत निघताना बास ड्रम मागे मावेना. सासूबाईंनी तो मांडीवर घेतला. नवऱ्यानं आरशातून टिचकीकडे पाहिलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. वळणावर ड्रम कलंडायला लागला तशी सासूबाईंनी दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं.

"अगं," अप्पा पुढून म्हणाले, "तू खोटं..."

"गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं बसलात, आता घर येईपर्यंत बसा."

अप्पा बसले. गाडी बाजार ओलांडून पुढे गेली. मग सासूबाईंनी ड्रमवर हनुवटी टेकली आणि टिचकीला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू विचारलं, "गाडी खरंच गेली होती ना हो?"

"गेली होती," अप्पा म्हणाले.